लाल चिंधीच्या काठ्या

२ एप्रिल

आले एकदाची. दादाने औजारांच्या शेडला लागून असलेली खोली मला झाडून दिलीय. भिंतींना डिझेलचा वास आहे, पण खिडकीतून थेट खालचं शेत दिसतं, मग मला आणखी काय हवं? काम कागदावर तरी सोपं आहे. शेतातलं कुठलं पाखरू कुठली जागा पसंत करतं ते बघायचं. बांधावरच्या काटेरी झुडपांत कोण, कापणी झालेल्या सडांत कोण, पडीक तुकड्यात कोण. ऑफिसातल्या साहेबांना वाटतं मी भावाकडे पाय पसरून बसायला आलेय. वाटू दे.

आबा दारातच उभे होते. आधी मला, पोटच्या लेकीला, आत्या समजले, मग माझ्या नाकाकडे बघून हसत सुटले, "अगं, तू होय!" वहिनी स्वयंपाकघरातून हळूच म्हणाली, "सकाळी बरे असतात. दुपारनंतर जरा घसरतात." दिवसभर डावा पाय ओढत शेतात हिंडतात, खडे-दोऱ्या गोळा करून खिशात भरतात. कुणी अडवत नाही. दादा म्हणाला, "आयुष्यभर कसलंय हे शेत. डोकं विसरलं तरी पाय विसरत नाहीत."

४ एप्रिल

दोन दिवसांत पायांचे तुकडे पडले, पण मजा आली. तितर बांध सोडत नाहीत. चंडोल सडांत. आणि खालच्या शेतात, जिथे यंदा काहीच पेरलेलं नाही, तिथे टिटव्या! मी नुसती कडेला उभी राहिले तर डोक्यावर येऊन असा काही आरडाओरडा की मीच चोर असल्यासारखं वाटावं.

जेवताना मी सगळ्यांना शिकवणी दिली. (वहिनीचा चेहरा बघण्यासारखा होता. तिला कढईतलं करपायची काळजी.) म्हटलं, "टिटवीला लपायला जागा नको असते. तिला उघडं रान लागतं. घरटं म्हणजे नुसता खळगा, त्यात ढेकळांच्याच रंगाची अंडी. आसपास झाड नको, खांब नको, कुंपण नको. वरून टेहळणी करायला कुणाला बसायला जागाच मिळू नये, एवढंच ती बघते."

आबा म्हणाले, "आम्ही लहानपणी आणायचो की ती अंडी. उकडून खायचो. पिवळंजर्द निघायचं आत." मी कपाळावर हात मारला. दादा म्हणाला, "आबा, हिच्यासमोर नका सांगू, तक्रार करेल." सगळे हसलो.

खरी अडचण वेगळीच आहे. दादाला ते शेत याच महिन्यात नांगरायचंय.

७ एप्रिल

माझ्या डोक्यातून काय कल्पना निघालीय! प्रत्येक घरट्यापासून हातभर अंतरावर एक उंच काठी, काठीला लाल चिंधी. ट्रॅक्टरवरून लांबून दिसेल, दादा तेवढा तुकडा सोडून नांगर फिरवेल. वहिनीची एक जुनी लाल चादर फाडली. (विचारून फाडली. साधारण विचारून.)

दादा म्हणाला, "म्हणजे तुझ्या पाखरांसाठी मी नागमोडी नांगरायचं? लोक म्हणतील पिऊन चालवतोय."

"म्हणू देत. एकदा बहिणीसाठी कर."

"एकदा? सायकलवरून तुला शाळेत कोण सोडायचं?" असं म्हणत कबूल झाला. माझा भाऊ गुणाचाच आहे.

दुपारपर्यंत काठ्या रोवून झाल्या. टिटव्यांनी शिव्यांची लाखोली वाहिली. मी खोलीत येऊन खिडकीतून बघते तर पहिल्याच काठीवर एक कावळा येऊन बसलेला, मान तिरकी करून. जणू उद्घाटनाला खास बोलावलंय. फोटो काढून साहेबांना पाठवला.

१० एप्रिल

नांगरणी झाली. दादाने एकही घरटं चिरडलं नाही. वरून पाहिलं तर काळ्या शेतात मधेमधे न नांगरलेली बेटं, प्रत्येक बेटावर माझी लाल चिंधी. ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. साहेबांचा फोन आला, फोटो आवडले म्हणे. पुढच्या आठवड्यात बघायला येतायत, जमलं तर इतर गावांनाही अशाच काठ्या द्यायच्या. मी फोनवर फार नम्र झाले आणि ठेवल्यावर खोलीत एकटीच नाचले.

संध्याकाळी बघते तर विहिरीकडच्या कोपऱ्यातली काठी गायब. शोधशोध केली. काठी निघाली परसात, टोमॅटोच्या रोपाला टेकू म्हणून! आबांनी उपटून आणलेली. मी चिडले, तर म्हणतात, "रिकामी उभी होती गं. इथे रोप लोळतंय." आता यांना काय सांगायचं? नांगरणी उरकलीय, तेव्हा घरट्याला धोका नाही, म्हणून सोडून दिलं. पण कानावर घातलंय की बाकीच्या काठ्यांना हात लावायचा नाही.

१३ एप्रिल

मधल्या दोन बेटांवरची घरटी रिकामी. टरफलाचा तुकडासुद्धा नाही. मुंगूस असतं तर काहीतरी सांडलं असतं, कुत्रा असता तर माती उकरलेली दिसली असती. साफ उचलून नेल्यासारखं. मी सकाळ-संध्याकाळ फेरी मारते, मधल्या वेळात इथे बसून नोंदी लिहिते. म्हणजे दुपारीच कुणीतरी जातंय.

भुसभुशीत मातीत चपलांचे ठसे आहेत. डावा पाय जरा ओढलेला.

नको तो विचार मनात आला. तो इथे लिहून ठेवतेय म्हणजे डोक्यातून जाईल.

१४ एप्रिल

नाही गेला. आबांना आडून आडून विचारलं, "दुपारी कुठे जाता?" म्हणाले, "जातो खाली. पाखरं ओरडतात ना, बघायला." मग परत ती उकडलेल्या अंड्यांची गोष्ट, परत ते पिवळंजर्द. सांगताना डोळे असे चमकत होते! मला हसू नाही आलं.

१६ एप्रिल

आज जे झालं ते आधी जसंच्या तसं लिहिते.

दुपारी साहेब आले, बरोबर आणखी दोघं. मी त्यांना घेऊन खाली गेले. ज्या घरट्यावर माझा सगळा भरवसा होता, जे दाखवायचं म्हणून सकाळीच पुन्हा पाहून ठेवलं होतं, ते रिकामं. साहेब नुसते "हं" म्हणाले. त्या "हं"ने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वर येतोय तर समोरून आबा, पाय ओढत, एक हात सदऱ्याच्या खिशावर दाबून धरलेला. अंगणात वहिनी होती, दादा होता, पाहुणे होते. मी ओरडले, "काय आहे खिशात? दाखवा! तुम्हीच नेताय ना अंडी?"

आबा थांबले. मी पुढे होऊन त्यांच्या खिशात हात घातला. माझ्या वडलांच्या. खडे निघाले, दोरीचा गुंडा निघाला, एक गंजलेला खिळा निघाला. बस्स.

तिथे तरी मी थांबायला हवं होतं. पण म्हटलं, "आज नसतील. कालची कुठायत? परवाची?"

दादा म्हणाला, "अगं, पुरे."  आबा अगदी हळू म्हणाले, "घेतली असतील गं. मला आठवत नाही."

साहेबांनी घड्याळाकडे बघून निघायचं ठरवलं.

मला वाईट वाटतंय. चारचौघांत बोलायला नको होतं, हे कबूल. पण त्या मुक्या पाखरांची बाजू घ्यायची तरी कुणी? शेवटी त्यांनी स्वतःच कबूल केलं ना.

१७ एप्रिल

दादाने शेताकडच्या फाटकाला कडी बसवली, आबांच्या हाताला न येणारी. मी म्हटलं नव्हतं असं करायला. मी फक्त म्हटलं होतं की अंडी फुटेपर्यंत काहीतरी करायला हवं.

आबा फाटकाजवळ स्टूल टाकून बसतात. चहा घेऊन गेले तर विचारतात, "किती होती गं? सगळी मीच खाल्ली?" मी म्हटलं, "जाऊ द्या ना आबा." नको होतं तसं म्हणायला. 'नाही' म्हणायला हवं होतं का? पण मग खोटं झालं असतं.

आणखी एक. घरात येताना उंबऱ्याशी थांबतात आणि दोन्ही खिसे उलटे करून दाखवतात. वहिनीला, दादाला, मला. कुणी मागितलेलं नाही. वहिनी आज माझ्याशी कामापुरतंच बोलली.

२० एप्रिल

बांधाजवळचं घरटंही गेलं.

मी वहिनीला विचारलं, "काल दुपारी फाटक उघडं राहिलं होतं का?" तिने हातातली परात अशी आपटली की आबा दचकले. म्हणाली, "ताई, काल दुपारभर ते माझ्यासमोर शेंगा सोलत बसले होते. सोललेल्या शेंगा दाखवू? सोलून झाल्यावर मला म्हणाले, मोजून घे, मी एकही खाल्ली नाही. तुमचे वडील आहेत ते, माझे नाहीत, आणि तरी माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

मी खोलीत आले. आबा नाहीत, तर मग कोण? शेजारचा? तो तर गावालाच गेलाय. वहिनीचं लक्ष नसेल, आबा गेले असतील मधेच उठून. असंच असेल.

असं लिहिलं खरं, पण दोनदा खोडून पुन्हा लिहिलं.

२१ एप्रिल

विहिरीकडच्या कोपऱ्यातली टिटवी अजून अंड्यांवर बसलीय! म्हणजे ज्या घरट्याची काठी आबांनी टोमॅटोसाठी आणली, तेच. मी त्याला हिशेबातून काढूनच टाकलं होतं. आणि आबांना तर ते चांगलं माहीत, रोज त्याच्याच कडेने जायचे. मग न्यायची तर आधी तीच अंडी नाही का नेणार?

उद्या दुपारी लिहीत बसणार नाही. ट्रॉलीत ताडपत्रीखाली दडून बघणार.

२२ एप्रिल

कावळा.

काठीवर बसला. खाली बघितलं. उडून दुसऱ्या काठीवर. खाली बघितलं. तिसऱ्या काठीवर चिंधी फडफडत होती, तिच्यावर एक चोचही मारली. मग दुसरा कावळा जमिनीवर उतरला, उड्या मारत टिटव्यांना लांब घेऊन गेला, आणि काठीवरचा सरळ खाली आला. अंडं चोचीत. गुरांच्या हौदाकडे उडाला. मी धावत गेले. हौदामागे टरफलं पडली होती. कितीतरी. वाळलेली, जुनी.

एक टरफल उचलून बघितलं, ढेकळांच्याच रंगाचं. वरून टेहळणाऱ्याला बसायला जागा नसेल असंच शेत टिटवीला हवं असतं, असं मीच सांगितलं होतं, घास हातात धरून, बोट उंच करून. साऱ्या शिवारातून तिने एकच जागा निवडली, जिथे कावळ्याला टेकायला काडी नव्हती. आणि मी जाऊन तिच्या अंड्यांशेजारी काठी रोवली. शिवाय लाल चिंधी, म्हणजे लांबून दिसावं. पहिला कावळा मी खिडकीतून पाहिला होता. त्याचा फोटो काढला होता!

आबा बिचारे पाखरं का ओरडतात ते बघायला जात होते.

धरणीने पोटात घ्यावं म्हणतात, ते काय असतं ते आज कळलं.

२३ एप्रिल

सगळ्या काठ्या उपटल्या. कुणी विचारलं तर सांगायला कारण तयार ठेवलं होतं, की आता गरज नाही. कुणी विचारलं नाही. मोळी घेऊन फाटकातून आले तर आबा स्टुलावर. काठ्या बघून चेहरा खुलला. "टोमॅटोला घेऊ का दोन?" लगेच दोन्ही हात मागे घेतले. "तू देशील तर. मी हात लावला नाही."

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. आणि म्हटलं काय, तर "घ्या की." दिवसभर मनात वाक्यं जुळवली. कधी म्हटलं दादा घरी येऊ दे, कधी म्हटलं आबा आता गोंधळलेत, सकाळी सांगू. लाज इतकी वाटते की ती लपवायलाही मला कारणं सुचतात. सोळा तारखेला, भर अंगणात ओरडताना मी कशाचीच वाट बघितली नव्हती.

२४ एप्रिल

सांगितलं. आधी साहेबांना फोनवर, कारण ते सगळ्यात सोपं होतं. काठ्या कुठेही देऊ नका म्हटलं, कारणही सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं वेळेवर कळलं." वेळेवर!

मग दादा-वहिनीला, स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच. वहिनीने गॅस बंद केला. दादा बराच वेळ नखाने ओट्यावरचा डाग खरवडत होता. मग म्हणाला, "कावळ्याला जागा करून दिलीस तू, आणि फाटकाला कडी मी लावली. आबांना अडवायला."  मला वाटलं होतं ओरडेल, दोन शिव्या घालेल, म्हणजे मोकळं झालं असतं. तो पाना घेऊन गेला आणि कडी काढून टाकली.

आबांकडे गेले. खाली बसले, त्यांचे गुडघे धरले. म्हटलं, "आबा, अंडी तुम्ही नाही नेली. कावळ्याने नेली. माझ्यामुळे नेली. मी तुमच्यावर खोटा आळ घेतला."

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाले, "नाही गं, मीच. मला आठवतंय ना आता. गरम होती हाताला. सदऱ्यात घालून आणली." आणि खिशाला हात लावून दाखवला, कुठे ठेवली होती ते.

जेवले का ते त्यांना आठवत नाही. आई गेलेली आठवत नाही. मला आत्या म्हणतात. आणि हे, जे घडलंच नाही, तेवढं मी त्यांच्या डोक्यात पक्कं बसवून दिलं.

२७ एप्रिल

रोज सकाळी चहाबरोबर सांगते, "आबा, तुम्ही नाही नेली." रोज ऐकून घेतात, कधी "होय का? बरं झालं बाई" असंही म्हणतात, आणि मला वाटतं सुटलो. दुपारी पुन्हा विचारतात, "पाखरांचं मी किती नुकसान केलं गं?" सांगितलेलं पुसून जातं. लाज तेवढी राहते. ती डोक्यात नसते, आणखी कुठेतरी असते बहुतेक. मला विचारा.

फाटक सताड उघडं आहे. ते बाहेर पाऊल टाकत नाहीत. दादाने हाताला धरून न्यायचा प्रयत्न केला तर म्हणाले, "नको. मी गेलो की घेतो."

वहिनी माझ्याशी बोलायला लागलीय. आज भाजीत मीठ जास्त पडलं तर म्हणाली, "बघा, हेही आबांनीच टाकलं असेल."  तिच्याच डोळ्यांत पाणी आलं.

३० एप्रिल

विहिरीकडच्या घरट्यातून पिल्लं बाहेर पडली! सकाळी दुर्बिणीतून पाहिलं, काडीसारखे पाय, अंगाला ढेकळांचा रंग, आई ओरडली की जागच्या जागी थिजतात आणि दिसेनाशी होतात. त्या एकाच घरट्यातली. बाकी सारं गेलं.

आबांना म्हटलं, "चला, पिल्लं दाखवते." नको म्हणाले. मी म्हटलं, "आबा, ही तुम्ही वाचवलीत. काठी तुम्ही उपटलीत म्हणून वाचली." त्यांनी असं बघितलं, जणू मी त्यांना फसवतेय. मग बराच विचार करून दोन्ही हात पुढे केले. "तू धरून ठेवशील?"

"काय?"

"हात. धरून ठेव म्हणजे येतो."

मी त्यांचे दोन्ही हात धरून उलटी, मागे मागे चालत त्यांना फाटकातून खाली नेलं. दोनदा ढेकळावरून अडखळले. रस्त्यावरून कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, ही बाई म्हाताऱ्याला नाचायला शिकवतेय. बांधाशी उभे राहिलो. टिटवी डोक्यावर येऊन ओरडली. आबांनी मान वर केली आणि हसले, पूर्वीसारखे. मग ढेकळांतून एक पिल्लू तुरुतुरु पळालं, थांबलं, पुन्हा पळालं.

"दिसलं?"

"दिसलं." त्यांनी माझी बोटं घट्ट आवळली. "सोडू नकोस हं."

नाही सोडली. वर येईपर्यंत नाही.

दारात आल्यावर त्यांनी स्वतःच हात सोडवून घेतले, उंबऱ्याशी थांबले, दोन्ही खिसे बाहेर ओढून उलटे केले आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. मी वाकून दोन्ही खिसे नीट बघितले. बघितले नाहीत तर ते आत येत नाहीत.